केळीच्या हरण्यातून सीएमव्हीचा बँड येत नाही, आणि २बीचं यीस्ट रिकाम्या प्रेसोबतही वाढतं

गिरणाकाठ विचारतात:

नमस्कार मंडळी. काम केळीवरच्या काकडी मोझॅक विषाणूवर (सीएमव्ही), म्हणजे आपल्याकडे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात त्यावर आहे. नमुने रावेर आणि यावल तालुक्यांतल्या मृगबागेचे, वाण ग्रँड नैन. पानांवर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे आहेत, काही झाडांचा पोंगा सडलेला आहे. लक्षणं इतकी ठळक आहेत की शंकेला जागा नाही.

अडचणी दोन आहेत. पहिली आरटी-पीसीआरची, म्हणजे आरएनएची आधी डीएनए प्रत (सीडीएनए) करून मग ती वाढवून विषाणू ओळखायच्या चाचणीची. सीटीएबी पद्धतीने आरएनए काढला. शुद्धता दाखवणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.९, पण २६०/२३० फक्त ०.८. जेलवर २५एस आणि १८एसचे पट्टे स्पष्ट आहेत. सीडीएनए किटमधल्या ऑलिगो-डीटी प्रायमरने केला. अ‍ॅक्टिनचा बँड सगळ्या नमुन्यांत छान येतो, म्हणजे केळीचं स्वतःचं जनुक दिसतं. सीएमव्हीच्या कोट (कवचाच्या) प्रथिनाचा मात्र एकाही नमुन्यात नाही. अ‍ॅनीलिंग ५० ते ६० अंशांपर्यंत ग्रेडियंट लावून पाहिलं, फरक नाही. याच किटने, याच पद्धतीने शहाद्याच्या पपईतला रिंगस्पॉट विषाणू पहिल्या फटक्यात सापडतो. म्हणून किटवर संशय घेता येत नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून सीएमव्हीचा क्लोन हाताशी नाही.

दुसरी अडचण यीस्ट टू-हायब्रिडची, म्हणजे बीडीला जोडलेलं ‘बेट’ प्रथिन एडीला जोडलेल्या ‘प्रे’ प्रथिनाशी जुळलं तरच यीस्ट वाढावं अशा चाचणीची. सीएमव्हीच्या २बी प्रथिनाचं जनुक कृत्रिमरीत्या बनवून घेतलं आणि पीजीबीकेटी७ या बेटच्या प्लाझ्मिडमध्ये घातलं. केळीच्या आर्गोनॉट-१ शी (छोट्या आरएनएंच्या मदतीने जनुकं गप्प करणारं प्रथिन) ते जोडलं जातं का, हे पाहायचं आहे. यीस्टचा स्ट्रेन एएच१०९. पण बीडी-२बी सोबत नुसता रिकामा प्रे-प्लाझ्मिड पीजीएडीटी७ दिला तरी हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर दाट वाढ होते. आर्गोनॉटसोबतही तितकीच होते. मग त्या वाढीचा अर्थ काय लावायचा? बेट बदलायचं की पद्धतच बदलायची?

---

सातपुडा_पायथा यांचं उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पपईतच आहे. रिंगस्पॉट हा पोटीव्हायरस. त्याच्या आरएनएच्या ३' टोकाला ‘ए’ची लांब शेपटी असते, तिथे ऑलिगो-डीटी चिकटतो. सीएमव्हीला ती शेपटीच नाही. त्याच्या तिन्ही जीनोमिक आरएनएंच्या ३' टोकाला टीआरएनएसारखी घडी असते. अ‍ॅक्टिनच्या एमआरएनएला शेपटी आहे, म्हणून तो येतो. सीएमव्हीचा सीडीएनएच तयार होत नाही, म्हणून तो येत नाही. ग्रेडियंट लावून काही हाती लागणार नाही, कारण पीसीआरपर्यंत टेम्प्लेट पोहोचलेलंच नाही. केळीवरचाच ब्रॅक्ट मोझॅक पोटीव्हायरस आहे, त्याला ऑलिगो-डीटी चालतो. सीएमव्हीला चालत नाही. एकाच झाडाचे दोन विषाणू एकाच सीडीएनएतून तपासायचे असतील तर रँडम हेक्सामर (कुठेही चिकटणारे सहा बेसचे प्रायमर) घ्या.

हेक्सामरने करताना साधारण १ मायक्रोग्रॅम आरएनए, हेक्सामर आणि डीएनटीपी एकत्र करून ६५ अंशांवर ५ मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फात घाला. ३' टोकाची घडी उलगडायला ही पायरी लागतेच. मग एन्झाइम घालून आधी २५ अंशांवर १० मिनिटं, त्यानंतर ४२ ते ५० अंशांवर ५० मिनिटं. २५ अंशांची पायरी गाळली तर सहा बेसचे हेक्सामर टिकून बसत नाहीत आणि सीडीएनए अगदी थोडा बनतो. ऑलिगो-डीटीच्या प्रोग्राममध्ये ही पायरी नसते, त्यामुळे जुनाच प्रोग्राम चालवला की नेमकी हीच राहून जाते.

फक्त सीएमव्हीच हवा असेल तर आरएनए-३ च्या ३' टोकाजवळचा रिव्हर्स प्रायमर थेट आरटीला वापरा. त्याने संवेदनशीलता वाढते, पण मग त्याच नळीतून अ‍ॅक्टिन तपासता येत नाही. त्यासाठी वेगळी अभिक्रिया लावावी लागेल. कोट प्रथिनाचं पूर्ण जनुक ६५७ बेसचं आहे, प्रथिन २१८ अमिनो आम्लांचं. प्रायमर जनुकाच्या बाहेर असतील तर बँड तेवढा वर दिसेल. ३५ सायकल, ५५ अंश अ‍ॅनीलिंग, ७२ अंशांवर १ मिनिट, एवढ्यावर सुरुवात करा.

पॉझिटिव्ह कंट्रोलशिवाय पुढे जाऊ नका. २बीचं जनुक बनवून घेतलंच आहे, तसं कोट प्रथिनाचंही घेता येईल. पण त्याने फक्त पीसीआर तपासला जातो, आरटी नाही. त्यापेक्षा संसर्ग झालेलं जिवंत झाड बरं. हरण्याचं पान ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.०, त्यात ०.१ टक्का सोडियम सल्फाइट) वाटा आणि कार्बोरंडम शिंपडलेल्या काकडीच्या बीजपत्रांवर किंवा निकोटियाना ग्लुटिनोसाच्या पानांवर चोळा. केळीच्या फिनॉलमुळे हे संक्रमण बऱ्याचदा फसतं, म्हणून सगळ्यात कोवळं पान घ्या, थंड खलात वाटा आणि वाटल्याबरोबर चोळा. एकदा ग्लुटिनोसावर मोझॅक आलं की त्या पानांतून आरएनए काढणं केळीच्या मानाने फारच सोपं. संसर्गित झाडं जाळीबंद जागेतच ठेवा.

आता २६०/२३० बद्दल. ०.८ म्हणजे पॉलिसॅकराइड आणि फिनॉल अजून सोबत आहेत. अ‍ॅक्टिन येतो म्हणून अडथळा नाही असं धरू नका. अ‍ॅक्टिनच्या प्रती भरपूर असतात, विषाणूच्या कमी असू शकतात. बफर असा ठेवा: सीटीएबी २ टक्के, पीव्हीपी २ टक्के, ट्रिस १०० मिलिमोलर पीएच ८.०, ईडीटीए २५ मिलिमोलर, सोडियम क्लोराइड २ मोलर. मीठ इतकं असेल तरच पॉलिसॅकराइड मागे राहतं. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल २ टक्के, पण ऐनवेळी आणि फ्यूम हुडमध्ये. बफर ६५ अंशांना आधीच तापवून ठेवा आणि १०० मिलिग्रॅम पावडर गोठलेली असतानाच १ मिलीमध्ये टाका. पावडर खलातच वितळली तर चिकातलं ऑक्सिडेशन दोन मिनिटांत तिला चहाच्या रंगाची करतं. तो रंग पुढे कोणत्याही पायरीला जात नाही, असा नमुना टाकून द्यावा. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइलने (२४:१) दोनदा धुवा. मधला पांढरा थर उचलायचा मोह टाळा, वरचा थोडा द्रव सोडून दिला तरी चालेल. मग लिथियम क्लोराइड अंतिम २ मोलर होईल इतकं घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी गोळी ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, कारण उरलेलं लिथियम क्लोराइड आरटी एन्झाइमला मारक ठरतं.

अडथळा आहे का, हे तपासायचा झटपट उपाय म्हणजे सीडीएनए दहापट पातळ करून पुन्हा पीसीआर लावणं. पातळ केल्यावर बँड उजळला तर दोष टेम्प्लेटच्या कमतरतेचा नसून घाणीचा आहे.

---

मावा_निरीक्षक यांचं उत्तर:

वरचं ऑलिगो-डीटीचं निदान बरोबर आहे. पण ते दुरुस्त झाल्यावरही काही झाडं निगेटिव्ह येतील. सीएमव्ही केळीच्या झाडात सारखा पसरत नाही. एका पानाच्या एका बाजूला पट्टे, दुसरी बाजू हिरवीगार, असं दिसतं. म्हणून एका झाडातून एकच तुकडा घेऊ नका. पोंग्याला लागून नुकतंच उलगडलेलं पान आणि त्याखालचं, या दोन पानांवरून पट्टा जिथे ठळक आहे तिथले तीन-चार तुकडे घेऊन एकत्र वाटा. जुनी खालची पानं घेऊच नका. सडलेला पोंगाही नको, त्यात जिवाणूंचा आरएनए जास्त आणि केळीचा कमी असतो.

हंगाम महत्त्वाचा. आपल्याकडे जून-जुलैत लावलेल्या मृगबागेत ऑगस्ट-सप्टेंबरच्या सलग ढगाळ, थंडाव्याच्या दिवसांत लक्षणं उफाळून येतात. उन्हाळ्यात तीच झाडं नवीन पानं निरोगी दाखवतात, विषाणू मात्र आतच असतो. मार्चनंतर गोळा केलेला "निरोगी" नमुना म्हणूनच विश्वासाचा नाही.

निगेटिव्ह कंट्रोलचं काय केलंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच बागेतलं लक्षणं नसलेलं झाड निरोगी धरायचं नाही. विषाणू तपासणी होऊन प्रमाणित झालेलं टिश्यूचं रोप घ्या आणि ते पहिल्या दिवसापासून बारीक जाळीत ठेवा. प्रमाणित टिश्यू रोपांची सीएमव्ही, पर्णगुच्छ, स्ट्रीक आणि ब्रॅक्ट मोझॅक या चारही विषाणूंसाठी तपासणी होते, त्यामुळे तेच रोप तुमच्या सगळ्या प्रयोगांना चालेल. शेजारच्या बागेतले मुनवे आणून लावलेली झाडं या कामाला अजिबात नकोत.

स्ट्रीक विषाणूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्याचा डीएनए बाल्बिसियाना म्हणजे ‘बी’ जीनोमात कायमचा शिरलेला असतो. ग्रँड नैन, श्रीमंती, बसराई हे एएए गटातले, तिथे ही अडचण कमी. पण कोणी ‘बी’ जीनोम असलेलं वाण तपासायला दिलं तर साधा पीसीआर निरोगी झाडातही पॉझिटिव्ह येऊ शकतो. तिथे इम्युनोकॅप्चर (प्रतिपिंडाने विषाणूचे कण पकडणं) करून, डीएनेझची नीट प्रक्रिया देऊनच पीसीआर करावा. सीएमव्हीला ही भानगड नाही, तो निव्वळ आरएनए विषाणू. तरी आरटी एन्झाइम न घातलेली एक नळी प्रत्येक फेरीत ठेवा: तिच्यात सीएमव्हीचा बँड आला तर मागच्या पीसीआरचं किंवा क्लोनचं प्रदूषण टेबलावर आलंय हे लगेच कळतं.

नमुन्यासोबत शेताची नोंदही घ्या: बांधावर किंवा शेजारी काकडी, टरबूज, मिरची, टोमॅटो, वांगी होती का. हा विषाणू मावा काही सेकंदांच्या चाखण्यात उचलतो आणि तितक्याच झटपट दुसऱ्या झाडात सोडतो. तो केळीवर वस्ती करतोच असं नाही, वाटेवरचा पंखवाला मावा पुरेसा आहे. कीटकनाशक मारूनही हरण्या थांबत नाही त्याचं कारण हेच: मावा मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असतं. शेतकऱ्याने विचारलं तर रोगट झाड दिसताच कंदासकट उपटून बागेबाहेर नष्ट करा, आणि केळीत काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नका, हेच सांगा.

---

गिरणाकाठ:

खूप आभार. पपई आणि केळीतला हा फरक लक्षात आला. हेक्सामर मागवतेय, निगेटिव्हसाठी प्रमाणित रोपं जाळीत लावते. सातपुडा दादा, एक विचारायचं होतं: याच आरएनएतून पुढे विषाणूचे छोटे आरएनए (एसआयआरएनए) नॉर्दर्नवर (आरएनए ओळखायची जेल-चाचणी) पाहायचे आहेत. लिथियम क्लोराइडचा आरएनए चालेल ना? आणि यीस्टबद्दल कोणी सांगेल का?

---

सातपुडा_पायथा:

नाही चालणार. लिथियम क्लोराइड साधारण २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान आरएनए खाली बसवत नाही. २१ ते २४ न्यूक्लिओटाइडचे तुकडे वरच्या द्रवात राहतात आणि बेसिनमध्ये जातात. तो द्रव फेकू नका. त्यात दोन ते अडीच पट इथेनॉल घालून उणे २० ला रात्रभर ठेवा, छोटे आरएनए त्यात मिळतील. डीएनएही सोबत येईल, त्यामुळे १५ टक्के युरिया-पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेलवर चालवा म्हणजे तो वर अडकून राहील.

---

यीस्ट_धुळे यांचं उत्तर:

तुम्ही रिकाम्या प्रेचा कंट्रोल लावला म्हणून हे उघड झालं. तो न लावता आर्गोनॉटच्या प्लेटवरून निष्कर्ष काढलेले निकाल पाहण्यात आहेत. आधी यीस्टमध्ये काय घडतंय ते पाहू. बीडी म्हणजे गॅल४ चा डीएनएला बसणारा भाग. तो २बीला रिपोर्टर जनुकाच्या दारात नेऊन उभा करतो. खरं तर तिथे एडी, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन चेतवणारा भाग, घेऊन प्रे प्रथिन यायला हवं. पण बीडीला जोडलेल्या प्रथिनात स्वतःचाच ट्रान्सक्रिप्शन चेतवणारा तुकडा असेल तर प्रेची गरजच उरत नाही. केंद्रकात जाणाऱ्या, आम्लधर्मी शेपटी असलेल्या प्रथिनांत हे वारंवार दिसतं. त्यामुळे आर्गोनॉटच्या प्लेटवरच्या वाढीला सध्या काहीच अर्थ नाही. त्यावरून जोडणी आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही.

सोपा उपाय म्हणजे अदलाबदल. २बी पीजीएडीटी७ मध्ये टाका, आर्गोनॉट पीजीबीकेटी७ मध्ये. एडीच्या बाजूला असलेल्या प्रथिनाची चेतवण्याची क्षमता आड येत नाही, कारण तो एकटा डीएनएवर बसूच शकत नाही. पण इथेही एक खड्डा आहे. आर्गोनॉट-१ चं सुरुवातीचं टोक ग्लुटामिनने भरलेलं असतं, आणि ग्लुटामिनबहुल तुकडे बीडीवर बसले की स्वतःच चेतवू शकतात. म्हणून पूर्ण प्रथिन घेऊ नका. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या आर्गोनॉट-१ मध्ये २बी पीएझेड असलेल्या भागाशी आणि पिवी-बॉक्सच्या काही भागाशी जोडलं जातं हे दाखवलेलं आहे. केळीचा जीनोम २०१२ पासून उपलब्ध आहे, त्यावरून तेच डोमेन आखून पीएझेड आणि पिवी वेगवेगळे क्लोन करा. तीन किलोबेसहून मोठं पूर्ण जनुक केळीच्या सीडीएनएतून उचलण्याची कटकटही वाचते.

३-एटी वापरून पाहायचं असेल तर २.५, ५, १०, २०, ४० मिलिमोलर अशी मालिका लावा. ते हिस्टिडिन बनवणाऱ्या हिस-३ एन्झाइमला अडवतं, त्यामुळे थोडी गळती थांबते. वाढ ५ किंवा १० ला थांबली तर तोच आकडा पुढे कायम ठेवा. ४० लाही दाट वाढ असेल तर नाद सोडा. त्याहून वर गेलात की खऱ्या पण दुबळ्या जोडण्याही मरतात. तुमच्या वर्णनावरून वाढ दाट आहे, तेव्हा माझं मत अदलाबदलीकडेच.

प्लाझ्मिड बदललंत की आधी चौकट तपासा. २बीचं जनुक २ए च्या शेवटावर वेगळ्या चौकटीत स्वार आहे, त्यामुळे विषाणूच्या आरएनएतून थेट उचलताना एखादा बेस सरकला तर २ए च्या शेवटाचं निरर्थक प्रथिन वाचलं जातं. पीजीबीकेटी७ ला टी७ प्रायमरने सांधा वाचून घ्या. तुम्ही जनुक बनवून घेतलंय, पण ते कोणत्या आयसोलेटचं? रावेरच्या बागेतला २बी आरएनए-२ वर आहे आणि तुम्ही बँड पाहताय तो आरएनए-३ वरच्या कोट प्रथिनाचा. सीएमव्हीत आरएनएंची सरमिसळ होते. कोट प्रथिन १बी उपगटाचं निघालं म्हणून २बीही त्याच उपगटाचा असेल असं नाही. एकदा हेक्सामरचा सीडीएनए जमला की त्याच नमुन्यातून २बी वाचा. जेमतेम ३३० बेसचं जनुक आहे.

ट्रान्सफॉर्मेशनचं गणित: ५० टक्के पीईजी-३३५० चे २४० मायक्रोलिटर, १ मोलर लिथियम अ‍ॅसिटेटचे ३६, उकळून बर्फात घातलेल्या कॅरियर डीएनएचे ५० (२ मिग्रॅ प्रति मिली), प्लाझ्मिड आणि पाणी मिळून ३४. एकूण ३६०. ४२ अंशांवर ४० मिनिटं. पीईजीची बाटली सैल झाकणाने ठेवली की आपल्या हवेत पाणी उडून ते घट्ट होतं आणि कार्यक्षमता कोसळते. छोट्या बाटल्यांत घट्ट बंद करून ठेवा.

प्लेटवर पेशी थेट कल्चरमधून टाकू नका. दोनदा निर्जंतुक पाण्यात धुवा, नाहीतर माध्यमातलं हिस्टिडिन सोबत येतं आणि पहिले दोन दिवस खोटी वाढ दाखवतं. ओडी (पेशींची दाटी) १.० ला आणून दहा-दहा पटींनी चार पातळ्या करा, प्रत्येकीचे ५ मायक्रोलिटर ठिपके द्या आणि ३० अंशांवर ३ ते ५ दिवस पाहा. चौथ्या पातळीपर्यंत वाढ गेली तरच तिला भक्कम म्हणा. रंगाकडेही लक्ष द्या: ल्युसीन-ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्लेटवर ज्या कॉलनीत एडीई२ हे रिपोर्टर जनुक सुरू झालेलं नाही ती जुनी होताना गुलाबी-तांबूस पडते, जोडणी असलेली पांढरी राहते. पी५३ सोबत टी-अँटिजेन (पॉझिटिव्ह) आणि लॅमिन सोबत टी-अँटिजेन (निगेटिव्ह), हे दोन कंट्रोल त्याच प्लेटवर असू द्या, वेगळ्या प्लेटवर नको.

एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४-४५ अंश असताना साधा इन्क्युबेटर ३० वर टिकत नाही, कारण त्याला थंड करण्याची सोय नसते. या दिवसांत बीओडी इन्क्युबेटरच वापरा आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ३६-३७ वर दुबळ्या जोडण्या दिसेनाशा होतात.

वाढ झालीच नाही तर लगेच "जोडणी नाही" असं लिहू नका. दोन्ही प्रथिनं यीस्टमध्ये बनतायत का ते वेस्टर्नवर (प्रथिन ओळखायची जेल-चाचणी) दाखवा: बीडीला मिक टॅग, एडीला एचए टॅग. पेशी ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ५ मिनिटं ठेवून मग एसडीएस बफरमध्ये उकळल्या की पुरतं. बीडी-२बी ३५ किलोडाल्टनच्या आसपास यायला हवा. आर्जिनीन जास्त असल्याने किंचित वर दिसला तर घाबरू नका.

---

पांझरा_बायो यांचं उत्तर:

यीस्टनंतर तुम्ही बायमॉलिक्युलर फ्लुओरेसन्सकडे (दोन प्रथिनं जवळ आली की चमकणाऱ्या प्रथिनाचे दोन अर्धे जुळतात, ती चाचणी) जाल, म्हणून आताच सांगून ठेवावंसं वाटतं. २बी स्वतः आरएनए सायलेन्सिंग दाबणारं प्रथिन आहे. निकोटियाना बेंथामियानाच्या पानात अ‍ॅग्रोने (जनुक पानात सोडणारा जिवाणू) काहीही व्यक्त करायला गेलं की झाड दोन-तीन दिवसांत ते गप्प करू लागतं. २बी असलेल्या पानात तसं होत नाही, सगळीच प्रथिनं जास्त बनतात आणि चमक वाढते. तुलनेला तुम्ही दाबण्याची ताकद गमावलेला २बीचा म्युटंट ठेवलात तर त्याची चमक कमी दिसेल, आणि त्याचा आर्गोनॉटशी संबंध असेलच असं नाही. म्हणून सगळ्या मिश्रणांत टोमॅटो बुशी स्टंट विषाणूचा पी१९ (असंच दाबणारं प्रथिन) सारख्याच प्रमाणात घाला, म्हणजे पाया समान होईल. सोबत दोन्ही अर्ध्यांचं वेस्टर्न. त्याशिवाय चमकेची तुलना छापू नये.

पूर्ण आर्गोनॉट-१ वापरलात तर आणखी एक गोष्ट आड येते: एमआयआर१६८ (झाडाचाच एक छोटा आरएनए) त्याच्याच एमआरएनएला कापतं, आणि पी१९ असताना ते झाडात वाढतं. लक्ष्य-जागा जनुकाच्या सुरुवातीच्या भागात आहे. वरती पीएझेड-पिवी तुकडे सुचवलेत, ते इथेही उपयोगी पडतील.

मिश्रणासाठी जीव्ही३१०१ हा जिवाणूचा स्ट्रेन, मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, एमईएस १० मिलिमोलर पीएच ५.६, अ‍ॅसिटोसिरिंगोन १५० मायक्रोमोलर. प्रत्येकाचं ओडी ०.४, दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला, पण ती खोली २५ अंशांच्या आसपास हवी. ४८ ते ७२ तासांत पाहा. निगेटिव्हला रिकामा वेक्टर पुरेसा नाही. २बी केंद्रकात गर्दी करतो, तेव्हा केंद्रकातच राहणारं पण संबंध नसलेलं प्रथिन घ्या. पॉझिटिव्ह म्हणून २बी-२बी घ्या, ते आपसांत जोडलं जातंच.

को-आयपी (एक प्रथिन ओढलं की दुसरं सोबत येतं का, ही चाचणी) करणार असाल तर अर्धा लायसेट आरनेझ-ए देऊन आणि अर्धा न देता चालवा. २बी छोट्या दुपदरी आरएनएला धरतो, आर्गोनॉटही छोटे आरएनए धरतो. दोघे एकाच आरएनएला लटकलेले असतील तर ब्लॉटवर सोबत दिसतील, पण प्रथिन-प्रथिन जोडणी नसेल. आरनेझनंतरही बँड राहिला तरच थेट जोडणीकडे बोट दाखवता येतं. २००८ मध्ये टोमॅटो अ‍ॅस्पर्मी विषाणूच्या २बीची रचना एसआयआरएनएसोबत सोडवली गेली, त्यात २बीची जोडी आरएनएला दोन बाजूंनी कवटाळते. तेव्हा ही शंका निव्वळ पुस्तकी नाही.

हे सगळं जनुकीय अभियांत्रिकीत मोडतं, त्यामुळे १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या.

---

तापीपुत्र:

संगणकावर आधी अल्फाफोल्डने (प्रथिनांची रचना वर्तवणारा प्रोग्राम) जोडी तपासली तर यीस्टचा खर्च वाचेल का?

---

पांझरा_बायो:

तुकडे निवडायला मदत होईल, निकाल म्हणून नाही. २बीचं मागचं टोक मोकळं, अस्थिर आहे, तिथे विश्वासांक कमीच येणार. आयपीटीएम (जोडणीच्या मॉडेलचा विश्वासांक) ०.८ च्या वर असेल तर मॉडेल गंभीरपणे घ्या, ०.६ च्या खाली असेल तर सोडा, मधलं काहीही धरून बसू नका. आरएनए सोबत ठेवून पाहायचं असेल तर २०२४ चं अल्फाफोल्ड-३ लागेल, आधीच्या आवृत्तीत फक्त प्रथिनं बसतात. आणि २बी एकटा देऊ नका, दोन प्रती द्या.

---

गिरणाकाठ:

अदलाबदल आणि पीएझेड-पिवी तुकड्यांनीच सुरुवात करते. माझं २बी दुसऱ्या देशातल्या आयसोलेटच्या क्रमावरून बनवलेलं आहे, तेव्हा रावेरच्या नमुन्यातून नवीन वाचूनच क्लोन करावं लागेल. शेवटचं विचारते: लोडशेडिंगमध्ये उणे ८० चा फ्रीझर बंद पडतो तेव्हा आरएनए कसा सांभाळायचा?

---

सातपुडा_पायथा:

पाण्यात विरघळवून ठेवलेला आरएनए तापमान वरखाली झालं की तुटतो. जो लगेच वापरायचा नाही तो पाण्यात घेऊच नका. लिथियमच्या गोळीला ७० टक्क्यांनी धुतल्यावर सोडियम अ‍ॅसिटेट ०.३ मोलर आणि अडीच पट शुद्ध इथेनॉलमध्ये तशीच बुडवून उणे २० ला ठेवा. इथेनॉलखाली आरनेझला फार काही करता येत नाही, काही तासांची वीज गेली तरी नुकसान होत नाही. हवा तेव्हा एक नळी काढा, फिरवा, धुवा आणि तेवढीच पाण्यात घ्या. शेतातून येणाऱ्या पानांसाठी तुकडे कापून आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवून आणा. द्रवरूप नायट्रोजन हवा असेल तर जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो तालुक्याच्या पातळीवर येतो, तिथे पुरवठादाराकडे चौकशी करा. ३ लिटरचा कंटेनर रावेरहून जळगावपर्यंत सहज पुरतो. झाकण घट्ट बसवू नका आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा.